एअरबॅगचा दिवा, २ ओहमचा रेझिस्टर आणि चार्ल्स व्हीटस्टन: गाडीची सीट बदलण्याआधी ही गोष्ट वाचा

सेकंडहँड गाडी घेतली की पहिली इच्छा काय होते? म्युझिक सिस्टीम बदलायची आणि सीट बदलायच्या. रेसिंग गाडीत असतात तशा, दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या बकेट सीट. जुनी सीट चार बोल्ट काढले की निघते, नवी बसते, फोटोही झकास येतात. पण चावी फिरवली की मीटरवर एक लाल किंवा पिवळा दिवा लागतो आणि विझतच नाही. पोटावर गोल फुगा घेऊन बसलेल्या माणसाचं चित्र असलेला तो दिवा. एअरबॅगचा.

मग कोणीतरी जाणकार मित्र सांगतो, काही नाही रे, सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरमध्ये २ ओहमचा एक रेझिस्टर खोचायचा, दिवा विझतो. किंमत म्हणाल तर चहापेक्षा कमी. आणि खरंच, बऱ्याच गाड्यांत दिवा विझतोसुद्धा.

पण का विझतो? गाडीला असं नेमकं काय कळतं की ती गप्प बसते? याचं उत्तर शोधत मागे गेलं की आपण पोचतो १८४३ सालच्या लंडनमध्ये, एका लाजाळू माणसाच्या प्रयोगशाळेत. बारावी सायन्सला असाल तर त्यांचं नाव तुम्ही जर्नलमध्ये लिहिलेलं आहे: व्हीटस्टन ब्रिज. प्रॅक्टिकलला लाकडी पट्टीवरची एक मीटरची तार आणि त्यावर जॉकी सरकवत गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर आणायचा, तेच ते. मार्क मिळाले, विसरून गेलो. ती तार आज अनेक गाड्यांच्या सीटखाली वेगळ्या रूपात बसलेली आहे.

चला तर मग, आधी माणूस समजून घेऊ, मग सीटकडे येऊ.

पैसे संपले तेव्हा पैसेच वापरले

चार्ल्स व्हीटस्टनचा जन्म ६ फेब्रुवारी १८०२ चा, इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहराजवळच्या बार्नवुडचा. घर संगीताच्या धंद्यातलं. वडील वाद्यं विकायचे, बासरी शिकवायचे. चार्ल्स चार वर्षांचा असताना कुटुंब लंडनला आलं. पोरगा हुशार, पण कमालीचा बुजरा. चारचौघांत बोलायची वेळ आली की घशाला कोरड.

१४ व्या वर्षी त्याला काकांच्या दुकानात कामाला लावलं. तिथेही वाद्यं बनवणं आणि विकणं. पण पोराचं लक्ष गल्ल्यावर नाही, पुस्तकात. शेवटी वडिलांनीच त्याला तिथून सोडवलं आणि वाचू दिलं.

त्याच्या लहानपणाचा एक किस्सा नेहमी सांगतात. जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याला व्होल्टाच्या विजेच्या शोधांवरचं एक पुस्तक दिसलं. खाऊचे पैसे साठवून त्याने ते घेतलं. घरी येऊन बघतो तर पुस्तक फ्रेंचमध्ये! मग पुन्हा पैसे साठवले आणि शब्दकोश घेतला. एकेक शब्द लावत पुस्तक वाचलं. भावाला सोबत घेऊन मागच्या खोलीत बॅटरी बनवायला बसला. बॅटरीला तांब्याच्या चकत्या हव्यात आणि खिशात उरली फक्त थोडी चिल्लर. तेवढ्यात डोक्यात प्रकाश पडला की ही चिल्लर तर तांब्याचीच आहे. मग काय, नाणीच बॅटरीत घातली.

किस्सा थोडा रंगवलेला असेलही. पण माणूस पुढे आयुष्यभर असाच वागला: हाताशी जे आहे त्याकडे वेगळ्या नजरेने बघायचं.

छताला टांगलेलं जादूचं वाद्य

१८२१ साली, १९ वर्षांच्या चार्ल्सने लंडनमध्ये एक खेळ मांडला. खोलीच्या मधोमध, छतातून आलेल्या एका तारेला एक छोटं तंतुवाद्य लटकवलेलं. आसपास कोणी नाही. आणि त्यातून संगीत ऐकू यायला लागलं! लोक चाट पडले.

जादू काही नव्हती. ती तार छतातून वर जाऊन वरच्या खोलीतल्या वाद्याला जोडलेली होती. वर कोणी वाजवलं की कंपनं तारेतून खाली उतरायची आणि टांगलेलं वाद्य घुमायचं. घन वस्तूतून आवाज हवेपेक्षा चांगला प्रवास करतो, हे त्याने गंमत करत दाखवून दिलं. मायक्रोफोन हा शब्दही त्याने १८२७ मध्ये वापरला, अर्थात आजच्या माइकसाठी नाही, तर बारीक आवाज कानापर्यंत पोचवणाऱ्या एका साध्या उपकरणासाठी.

१८२३ मध्ये काका वारले आणि दुकान दोघा भावांकडे आलं. तिथेच व्हीटस्टन यांनी कॉन्सर्टिना हे हातात धरून वाजवायचं, भात्याचं वाद्य तयार केलं. आपली भजनातली पेटी वाजते ना, धातूच्या पातळ पट्ट्या हवेने थरथरून, त्याच तत्त्वावर. म्हणजे कॉन्सर्टिना आणि पेटी ही एकाच घराण्यातली भावंडं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. वाद्य बनवणाऱ्याला बारीक फरक ऐकू यावा लागतो. सूर किंचित चढा आहे का, किंचित उतरला आहे का? दोन सूर एकत्र वाजवून तुलना केली की चूक लगेच कळते. हीच सवय पुढे विजेच्या मोजमापात कामी येणार होती.

बोलता न येणारा प्रोफेसर

१८३४ साली किंग्ज कॉलेज लंडनने त्यांना प्रायोगिक विज्ञानाचे प्रोफेसर केलं. विज्ञानाचं औपचारिक शिक्षण फारसं नसलेल्या वाद्यवाल्याला ही जागा मिळाली, ती त्याच्या प्रयोगांमुळे. पण शिकवायला उभे राहिले की पंचाईत. व्याख्यानं त्यांनी फार दिली नाहीत. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे शोध लोकांना समजावून सांगायचं काम अनेकदा त्यांचे मित्र मायकल फॅरडे करायचे. शोध व्हीटस्टनचा, आवाज फॅरडेचा.

त्याच वर्षी त्यांनी तारेतून वीज किती वेगाने धावते हे मोजायचा प्रयत्न केला. सुमारे अर्धा मैल तार, तिच्यात तीन फटी आणि समोर गरगर फिरणारा आरसा. तिन्ही ठिणग्या एकाच क्षणी उडाल्या तर आरशात एका रेषेत दिसणार, मागेपुढे झाल्या तर सरकलेल्या दिसणार. उत्तर आलं सेकंदाला २ लाख ८८ हजार मैल. म्हणजे प्रकाशाच्या वेगापेक्षाही जास्त. आज आपल्याला माहीत आहे की हे उत्तर चुकीचं होतं. पण फिरत्या आरशाची युक्ती अचूक होती, आणि पुढे फ्रान्समध्ये फूको यांनी प्रकाशाचा वेग मोजताना ती वापरली.

इंग्लंडची पहिली मेसेजिंग सर्व्हिस

वीज एवढी झटपट धावते तर तिच्यावर निरोप का पाठवू नये? हा विचार व्हीटस्टन यांच्या डोक्यात होताच. १८३७ मध्ये त्यांना विल्यम कुक भेटले. कुक धडाडीचे, धंदा कळणारे, पण विज्ञानात कच्चे. व्हीटस्टन विज्ञानात पक्के, पण धंद्याच्या आणि लोकांच्या नावाने बोंब. दोघांनी मिळून त्याच वर्षी पाच सुयांच्या टेलिग्राफचं पेटंट घेतलं. दोन सुया तिरक्या व्हायच्या आणि फळ्यावरच्या एका अक्षराकडे बोट दाखवायच्या. शिकायला एकदम सोपं. १८३९ पासून लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनपासून वेस्ट ड्रेटनपर्यंत, १३ मैल रेल्वेच्या कडेने ही लाइन चालू झाली आणि पुढे स्लाओपर्यंत वाढली.

या टेलिग्राफमुळे काय होऊ शकतं हे सगळ्या देशाला कळलं १ जानेवारी १८४५ ला. स्लाओजवळ एका बाईचा खून झाला आणि संशयित लंडनच्या गाडीत बसून निघून गेला. गाडीच्या पुढे धावेल असं तोवर काहीच नव्हतं. आता तार होती. स्लाओहून निरोप गेला की माणसाने क्वेकर पंथाच्या लोकांसारखा पोशाख घातला आहे. पण यंत्रावर इंग्रजीतलं क्यू हे अक्षरच नव्हतं! मग के आणि डब्ल्यू वापरून तो शब्द तोडकामोडका पाठवला. तिकडच्या माणसाला आधी काही अर्थच लागेना. शेवटी लागला, आणि जॉन टॉवेल नावाचा तो माणूस पकडला गेला. आपण मेसेजमध्ये स्पेलिंगची वाट लावतो, ती परंपरा इतकी जुनी आहे.

पण यश आलं की श्रेयाचं भांडण येतंच. टेलिग्राफ नक्की कोणाचा, यावरून कुक आणि व्हीटस्टन यांचं इतकं बिनसलं की १८४१ मध्ये दोन पंच नेमावे लागले. पंचांनी दोघांनाही मान दिला: प्रत्यक्षात उभारणी कुक यांची, वैज्ञानिक पाया व्हीटस्टन यांचा. तेवढ्यापुरतं मिटलं, पण पुढे धुसफुस चालूच राहिली.

मध्ये १८३८ साली त्यांनी आणखी एक शोध मांडला. आपले दोन डोळे एकच वस्तू किंचित वेगळ्या बाजूंनी बघतात आणि मेंदू त्या दोन चित्रांतून खोली तयार करतो. हे दाखवायला त्यांनी दोन आरसे काटकोनात लावून स्टिरिओस्कोप बनवला. डाव्या डोळ्याला एक चित्र, उजव्याला दुसरं. फोन आत सरकवून डोळ्यावर लावायचा व्हीआर बॉक्स तुम्ही वापरला असेल, तर त्याचा पणजोबा हाच.

१८४३: काटा शून्यावर

आता आपल्या सीटकडे नेणारा भाग.

तार लांब टाकायची तर तिचा विद्युतरोध, म्हणजे रेझिस्टन्स, नेमका मोजता यायला हवा. त्या काळी अडचण अशी होती की बॅटऱ्या भरवशाच्या नव्हत्या. आत्ता जोरात, थोड्या वेळाने मंद. करंट बघून रोध काढावा तर बॅटरी ढिली पडली की उत्तर बदललं.

उपाय मंडईतल्या तराजूसारखा. एका पारड्यात भाजी, दुसऱ्यात माप. काटा मध्ये आला की वजन बरोबर. व्हीटस्टन यांनी वर्णन केलेल्या मांडणीत वीज दोन रस्त्यांनी वाटली जाते. प्रत्येक रस्त्यावर दोन रोध, एकूण चार, पतंगाच्या आकारात. मधोमध दोन्ही रस्त्यांना जोडणारा गॅल्व्हानोमीटर. दोन्ही रस्त्यांवरच्या रोधांचं गुणोत्तर सारखं असेल तर मधल्या जोडातून वीज वाहतच नाही, काटा शून्यावर. चारपैकी तीन रोध माहीत असले की चौथा आपोआप कळतो. आणि गंमत म्हणजे बॅटरी ढिली पडली तरी दोन्ही पारड्यांवर सारखाच परिणाम होतो, काटा शून्यावरच राहतो. कमीजास्त करता येणाऱ्या रोधाला रिओस्टॅट हे नावही त्यांनीच याच लेखात दिलं.

पण ही मांडणी मुळात त्यांची नव्हती. सॅम्युअल हंटर ख्रिस्टी नावाच्या वुलिचच्या सैनिकी अकादमीतल्या गणिताच्या प्राध्यापकांनी ती १८३३ मध्येच लिहून ठेवली होती. कोणाच्या लक्षात आली नव्हती, एवढंच. व्हीटस्टन यांनी १८४३ च्या रॉयल सोसायटीपुढच्या निबंधात तिचे उपयोग दाखवले आणि ख्रिस्टी यांचं नाव घेऊन श्रेय स्पष्टपणे त्यांना दिलं. तरीही जगाने नाव ठेवलं ते व्हीटस्टन ब्रिज.

डाग आणि भरपाई

एवढं वाचून वाटेल की माणूस साधुसंत होता. तसं नाही. १८४० मध्ये अलेक्झांडर बेन नावाचा एक गरीब स्कॉटिश घड्याळजी त्यांच्याकडे आला. त्याने विजेवर चालणारं घड्याळ बनवलं होतं. बेनच्या म्हणण्याप्रमाणे व्हीटस्टन यांनी त्याला यात फारसा वेळ न घालवण्याचा सल्ला दिला. आणि तीनेक महिन्यांनी स्वतःच रॉयल सोसायटीपुढे विजेचं घड्याळ सादर केलं! बेनने पेटंटसाठी आधीच अर्ज केला होता म्हणून तो वाचला. पुढे हे प्रकरण संसदेच्या वरच्या सभागृहापर्यंत गेलं, टेलिग्राफ कंपनीला बेनशी पैसे देऊन तडजोड करावी लागली आणि व्हीटस्टन कंपनीतून बाहेर पडले.

ज्या माणसाने ख्रिस्टीला न मागता श्रेय दिलं, त्याच्यावरच बेनचं श्रेय लाटल्याचा ठपका आला. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या.

आणि काळाने उलटा हिशोबही केला. १८५४ मध्ये त्यांनी गुप्त संदेशांसाठी एक पद्धत शोधली. ५ गुणिले ५ चा अक्षरांचा चौकोन करायचा आणि एकेक अक्षर न बदलता दोन-दोन अक्षरांच्या जोड्या बदलायच्या. ब्रिटिश परराष्ट्र खात्याला ती फार किचकट वाटली. जवळच्या शाळेतल्या पोरांना पाव तासात शिकवून दाखवतो, अशी तयारी व्हीटस्टन यांनी दाखवली, पण अधिकाऱ्याचं म्हणणं पडलं की पोरं शिकतील हो, आमचे वकिलातीतले साहेब शिकणार नाहीत. ही पद्धत पुढे पहिल्या महायुद्धातही वापरली गेली. नाव मात्र पडलं प्लेफेअर सायफर, कारण लायन प्लेफेअर या त्यांच्या मित्राने तिचा प्रचार केला. दुसऱ्याचा ब्रिज यांच्या नावावर, यांचा सायफर दुसऱ्याच्या नावावर.

१८४७ मध्ये त्यांनी एमा वेस्ट यांच्याशी लग्न केलं. पाच मुलं झाली. १८६६ मध्ये एमा गेल्या. १८६८ मध्ये, भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून वेगाने तारा पाठवणाऱ्या स्वयंचलित यंत्रानंतर, त्यांना सर ही पदवी मिळाली. शेवटपर्यंत हात चालूच होता. कामानिमित्त पॅरिसला गेले असताना छातीच्या दुखण्याने १९ ऑक्टोबर १८७५ ला त्यांचं निधन झालं. लंडनच्या केन्सल ग्रीन दफनभूमीत त्यांना पुरलं.

तोवर जगात मोटारगाड्यांचा कारखाना निघालेला नव्हता. एअरबॅग तर फार लांबची गोष्ट.

मग ब्रिज सीटखाली कसा आला?

१८५६ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे नंतरचे लॉर्ड केल्विन, यांना दिसलं की तार ताणली की तिचा रोध बदलतो. बदल अगदी बारीक, पण ब्रिजसारख्या मांडणीने तो पकडता येत होता. १९३८ च्या सुमारास अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज यांनी वेगवेगळं काम करून बारीक तार धातूवर चिकटवली. धातू वाकला, तार ताणली गेली, रोध बदलला. हाच स्ट्रेन गेज. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा याच तत्त्वावर चालतो.

हिशोब बघा. ३५० ओहमचा गेज पूर्ण भार आल्यावरही एक ओहमसुद्धा बदलत नाही. शिवाय ऊन लागलं की रोध बदलतोच. पण चार गेज ब्रिजमध्ये बसवले की उन्हाने चारही सारखेच बदलतात, पारडी समतोल राहतात. वजन आलं की दोन ताणले जातात, दोन दाबले जातात, आणि काटा हलतो. ढिल्या बॅटरीवर मात करणारी युक्ती इथे उन्हावर मात करते.

गाडीला वजन कशाला हवं? कारण १९९० च्या दशकात अमेरिकेत पुढच्या सीटवर बसलेली लहान मुलं हळू वेगातल्या अपघातांमध्येसुद्धा दगावली, आणि ती धडकेने नाही, तर एअरबॅगच्याच तडाख्याने. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते. मोठ्या माणसाला जी उशी, ती मुलाच्या डोक्यावर हातोडा. त्यानंतर तिथे नियम आले आणि समोर कोण बसलं आहे हे ओळखणाऱ्या सीट बनू लागल्या. काही गाड्यांत सीटच्या पायांशी स्ट्रेन गेज असतात, काहींत गादीखाली द्रव भरलेली पिशवी आणि दाबाचा सेन्सर, काहींत शरीर जवळ आल्याचं ओळखणारी विद्युत चटई. हलकं मूल बसलं आहे असं वाटलं तर समोरची एअरबॅग बंद. सगळ्या गाड्यांत हे नसतं. कितीतरी गाड्यांत सीटमधला सेन्सर फक्त बेल्ट लावायची आठवण करून देतो. आपल्या गाडीत काय आहे हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं.

आणि तो २ ओहमचा रेझिस्टर?

सीटच्या पाठीत साइड एअरबॅग असेल, किंवा बकलजवळ बेल्ट झटक्यात आवळणारं यंत्र असेल, तर त्यात एक छोटी पेटवणी असते. तिचा रोध साधारण २ ओहमच्या आसपास. एअरबॅगचा कंट्रोल युनिट तिच्यातून अगदी बारीक करंट सोडून सतत तपासत राहतो: रोध जागेवर आहे का? तुम्ही सीट काढली की रोध गायब. दिवा लागतो. बऱ्याच गाड्यांत अशी चूक दिसली की बाकीच्या एअरबॅगही उघडतील याचा भरवसा राहत नाही.

रेझिस्टर खोचला की युनिटला मोजमाप बरोबर मिळतं. पण धडक बसली की तो वीज पाठवणार एका निर्जीव रेझिस्टरला. काटा शून्यावर दिसतो खरा, पण पारड्यात मापच खोटं आहे. वजनाच्या सेन्सरच्या जागी खोटा सिग्नल देणारं यंत्र लावलं तर आणखी वाईट: गाडीला समोर कायम मोठा माणूसच बसलेला दिसणार, मग प्रत्यक्षात तिथे तुमची सहा वर्षांची भाची का असेना.

म्हणून सीट बदलायचीच असेल तर एवढं पाळा:

१. आधी बघा की जुन्या सीटमध्ये काय काय आहे. सीटच्या कडेला एअरबॅग लिहिलेली पट्टी असेल तर त्या सीटच्या पाठीत एअरबॅग आहे. साधी बकेट सीट लावली की ती कायमची गेली, आणि ती परत मिळवून देणारा कुठलाही रेझिस्टर नाही.

२. पिवळ्या रंगाच्या वायरी आणि कनेक्टर बहुतेक एअरबॅगचेच असतात. चावी चालू असताना ते काढू नका. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि मॅन्युअलमध्ये दिली असतील तेवढी मिनिटं थांबा. युनिटमधल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते.

३. एअरबॅगच्या पेटवणीला मल्टीमीटर लावून रोध मोजायला जाऊ नका. मीटरचा करंटही तिला पेटवायला पुरू शकतो. हे एक मोजमाप असं आहे की ते व्हीटस्टनच्या भक्तानेही घरी करू नये.

४. वजन ओळखणारी सीट असेल तर बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळायचे, आणि काम झाल्यावर सीट रिकामी ठेवून स्कॅनरने शून्य पुन्हा सेट करून घ्यायचं. वजनकाटा जागेवरून हलवला की दुकानदार आधी शून्य करतो ना, अगदी तसंच.

५. फक्त कव्हर घालायचं असेल तरी विचारा की साइड एअरबॅग उघडायला कव्हरच्या शिवणीत जागा सोडली आहे का. जाड, घट्ट कव्हर एअरबॅगची वाट अडवतं.

६. चालू एअरबॅगसमोर, पुढच्या सीटवर, मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट कधीही लावायची नाही. मुलांची जागा मागे.

आणि दिवा लागलाच तर तो विझवायच्या मागे न लागता तो का लागला ते शोधा. चावी फिरवल्यावर काही सेकंद दिवा लागून विझणं हे तब्येत ठणठणीत असल्याचं लक्षण. कायम लागलेला असेल तर काहीतरी चुकलं आहे. आणि कधीच लागत नसेल तर समजा की आधीच्या मालकाने कुठेतरी हात मारला आहे. सेकंडहँड गाडी घेताना हे तपासायला पाच सेकंद पुरतात.

व्हीटस्टन यांचं आयुष्य बघितलं तर त्यात चुकलेलं उत्तर आहे, भांडणं आहेत, एक ठपकाही आहे. पण १८४३ च्या त्या निबंधात ते दोन गोष्टींत प्रामाणिक राहिले: मोजमापात आणि ख्रिस्टीचं नाव घेण्यात. खिशातली चिल्लर बॅटरीत घालणं हा जुगाडच होता, पण त्या जुगाडाने वीज खरोखर तयार झाली. रेझिस्टर खोचून विझवलेल्या दिव्यामागे मात्र काहीच नसतं, आणि ते कळतं थेट धडकेच्या क्षणी. त्या वेळी शेजारच्या सीटवर कोण बसलेलं असेल, एवढं फक्त आठवा आणि मग पाना हातात घ्या.